शाल परत पाठवतोय

लातूर,
१ ऑगस्ट २०२६

सौ. दानम्मा अक्कास,
वीरेशचे शरणु शरणार्थ. इकडं सगळे बरे. मायचे गुडघे दुखतात, पण पंचमीला तू येणार म्हणून आत्तापासून लाह्यांची ज्वारी निवडून राहिली. फोन का केला न्हाई म्हणशील. तुझा फोन शिवमूर्ती दाजीच उचलतात. मिलमधल्या बालाजीची बहीण तुमच्या नांदेडला निघाली, तिच्या हाती हे देतोय.

दाजी हेड ऑफिसातून डाळमिलमध्ये आले अन् मला सुपरवायझर करून गेले, हे कळलंच असेल. फेटा, शाल, नारळ, फोटो. मायनं गल्लीभर पेढे वाटले. मी तर दाजींच्या पाया पडलो गं! मागं वळून बघतो तर भुजंगलाही शाल, बालाजीलाही शाल. पोती भरणारे आम्ही झाडून सगळे साहेब. मग हाताखाली कोण, मिलमधली मांजरं?

पोती अजून आम्हीच भरून राहिलो. सकाळी शिरलो की अंधार पडल्यावर बाहेर. फक्त ओव्हरटाइम बंद. नव्या कायद्यात म्हणे सुपरवायझरचा पगार एका आकड्याच्या वर गेला की जादा तासांचे पैसे न्हाईत. आमचा पगार तेवढा आकडा ओलांडण्यापुरताच वाढवलाय. भुजंगच्या पोरीची फी ओव्हरटाइमवरच चालायची. तो म्हणाला, "तुझ्या दाजीला विचार की." काय विचारू? ही युक्ती काढणारं डोकं दाजींचंच हाय.

तरी विचारलं. म्हणाले, "घरचा माणूस असून मला कायदा शिकवतोस व्हय?" लई लागलं अक्का. नोकरी त्यांनीच लावली, कसं विसरू? पण भुजंगच्या तोंडाकडं बघवत न्हाई.

मग आम्ही एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, काम हमालाचं असेल तर नुसत्या नावानं कुणी सुपरवायझर होत न्हाई. काल लेबर ऑफिसात आम्ही सगळ्यांनी तसा अर्ज दिला. पहिली सही माझी. न्हाईतर लोक म्हणाले असते, शेवटी दाजीचाच मेव्हणा.

सोबत शाल हाय. दाजींना तूच दे. मायनं नारळाच्या वड्या केल्या, त्या मात्र खाऊन बसलो.

आता दाजी तुला पंचमीला पाठवणार न्हाईत, मला कळतं. मायला सांगायचा धीर न्हाई. ती रोज विचारते, झोक्याचा दोर काढला का? आज काढला. लिंबाला बांधून ठेवतो. तू ये अक्का. न पाठवलं तरी ये.

तुझा भाऊ
(त्यांचा मेव्हणा उरलो का न्हाई, ठाऊक न्हाई)
वीरेश