रिकामा मिक्सर

मयूर विहार,
दिल्ली, दि. २७ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
चिन्मयचा शि. सा. न. वि. वि.

बाबा रोज तुझा मोबाईल उघडून बघतात, म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतो आहे. पेटीत टाकल्यावर ते अडकलं तर नाही ना, हे मी बोटं घालून पाहणारच. वीणामावशी त्यावरून मला चिडवते. म्हणते, याला पोस्टात घेतलं तर एकही पत्र वेळेवर जायचं नाही.

देविकाच्या शाळेसाठी तू मावशीकडे सरकारी क्वार्टरचा कागद झेरॉक्सला दिला होतास. ती आमच्याच पाट्या आणि झेरॉक्सच्या दुकानात काढली. मला प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचायची खोड आहे. आर. के. पुरमचं घर श्रीमती हेमलता रणपिसे यांना, त्यांच्या नोकरीमुळे मिळालं आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. बाबांचं नाव खाली, कुटुंबातील व्यक्तींमध्ये, देविकाच्या वरच्या ओळीत.

मी ते तीनदा वाचलं. पाच वर्षांपूर्वी मी बाबांचा तुझ्यावर उगारलेला हात धरला, तेव्हा माझ्या घरातून चालता हो, असं ते म्हणाले आणि मी निघून मावशीकडे आलो. अकरावी तिथेच सुटली. ते घर त्यांचं नाही, हे आपल्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. दारावरची पितळी पाटीसुद्धा मीच कोरलेली. पाट्यांच्या दुकानात लागल्यावरची माझी पहिली. ‘सूर्यकांत रणपिसे’. दिवाळीची भेट म्हणून पाठवली, वाटलं होतं बोलावतील. पाटी लावली, मला बोलावलं नाही. अक्षरं दहादा तपासली होती. नाव कुणाचं घालायचं, याचा विचार एकदाही केला नाही.

तू बरी आहेस का, ते खरं लिही. माझ्यावर लोभ आहेच, तो स्वतःवरही थोडा असू दे.

तुझा,
चिन्मय


आर. के. पुरम,
दि. ४ डिसेंबर २०२५

चि. चिन्मयास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शिपायानं तुझं पत्र सगळ्यांदेखत आणून दिलं. मॅडमना पत्र कोण लिहितं म्हणून सेक्शनभर चर्चा. मुलगा लिहितो म्हटलं, तर रुचिता म्हणाली, तिचा मुलगा शेजारच्या खोलीतून मेसेज करतो.

आमच्याकडे सध्या पंधरवडा चालू आहे. स्त्रिया आणि मुलांवरची हिंसा संपवायची उद्दिष्टं छापून आली आहेत, दोन हजार तीस सालापर्यंतची. मोठ्या पोस्टरवर सगळ्यांच्या सह्या घ्यायचं काम माझ्याकडे आलं. एकशे बारा झाल्या. माझी राहिली आहे. पेन उचललं की कुणीतरी हाक मारतं.

कागदावर माझं नाव आहे हे मला का ठाऊक नाही? अर्ज मीच केला होता. पण घर पुरुषाच्या नावानं ओळखतात, बाळा. इथल्या मराठी मंडळात सगळे तुझ्या बाबांना साहेब म्हणतात, ते ऐकायचं आणि गप्प बसायचं. पुढच्या वर्षी देविकाची दहावी आहे, ती तेवढी पार पडू दे.

मी ठीक आहे. मिक्सरचं भांडं काढताना खांदा लचकला, एवढंच. स्वेटर घालत जा. मावशीला त्रास देऊ नकोस, माया आहे ती तशीच ठेव.

तुझी,
आई


आर. के. पुरम,
दि. ९ डिसेंबर २०२५

प्रिय दादा,
नमस्कार वगैरे.

माझ्या मराठीत चुका काढू नकोस यार. शाळेतून येताना पोस्ट करते आहे.

आईनं तुला खांद्याचं काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे. मला पण तेच सांगितलं. बाबा चिडले की ती खिडक्या लावते आणि मिक्सर चालू करते. आत काही नसतं. वरच्या मजल्यावर क्षिप्राकाकूंना ऐकू जाऊ नये म्हणून रिकामाच फिरवते. मग काकू दुसऱ्या दिवशी जिन्यात आईकडे बघतात आणि आई म्हणते, चटणी वाटत होते.

काल आई ऑफिसमध्ये होती. गणिताचे मार्क्स बघून बाबांनी मला बेल्टनं मारलं. दादा, मी पळाले ना, तर दाराकडे नाही पळाले. किचनमध्ये जाऊन मिक्सर चालू केला. का, ते मला नाही माहीत.

आईला बिल्कुल सांगू नकोस. ती मध्ये पडेल आणि तिलाच जास्त लागेल. प्रॉमिस समजते.

तुझी,
देविका


मयूर विहार,
दि. १२ डिसेंबर २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. मावशी तुझ्या हातात देईल. सोबत देविकाचं पत्र आहे. तिनं कुणाला न सांगण्याचं वचन गृहीत धरलं होतं, ते मी मोडतो आहे. आधी तिचं वाच, मग माझं.

काल सुट्टी घेऊन मी संरक्षण अधिकाऱ्यांच्या ऑफिसात गेलो. घरातल्या मारहाणीची तक्रार तिथे घेतात. दारातून दोनदा परत फिरलो. आतल्या बाई शांत होत्या. म्हणाल्या, आईला स्वतः येऊन बोलू दे. मारणाऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगा, अशी मागणी कोर्टाकडे करता येते, आणि क्वार्टरचा कागद तिच्या नावाचा असेल तर सोबत आणा. तोवर काही झालं, तर बायकांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदतीचे नंबर पाठ करून ठेव. मोबाईलमध्ये लिहू नकोस.

तुमच्या पोस्टरवर दोन हजार तीस लिहिलंय. मला तेवढा धीर नाही. माझं उद्दिष्ट लहान आहे. देविकाला पळावं लागलं, तर ती दाराकडे पळावी.

सोमवारी सकाळी दहाला मी तुझ्या ऑफिसच्या गेटपाशी उभा राहीन. आली नाहीस तर मंगळवारी उभा राहीन. मी रागावणार नाही, आई. फक्त उभा राहीन.

तुझाच,
चिन्मय


आर. के. पुरम,
दि. २० मार्च २०२६

चि. चिन्मयास,
पोटभर आशीर्वाद.

आता फोन मोकळा आहे, तरी पत्रच लिहिते. काही गोष्टी फोनवर बोलले असते तर रडले असते.

त्या सोमवारी खिडकीतून तू दिसलास. मी खाली आले नाही. मंगळवारीही तू तिथेच, मफलर न घालता. सर्दी होईल म्हणून ओरडायला खाली आले आणि तशीच तुझ्याबरोबर गेले. पोस्टरवर सही राहिली ती राहिलीच. अर्जावर मात्र तीन ठिकाणी केली.

तुझ्या बाबांनी घराबाहेर राहायचं, असा कोर्टाचा आदेश येऊन आता महिना झाला. ते फरीदाबादला श्यामकांतकाकांकडे आहेत. पुढच्या तारखा आहेत, आणि जिन्यात पावलं वाजली की अजून माझा हात थांबतो. खोटं कशाला लिहू? देविका तुझ्याशी दोन महिने बोलली नाही, वचन मोडलंस म्हणून. परवा तिनं आपणहून पाटी उतरवली. दाराला चार भोकं राहिली आहेत. मापं या पत्राच्या मागे लिहिली आहेत, तुला लागतात तशी बारीकसारीक. वर हेमलता रणपिसे, खाली देविका आणि चिन्मय. अक्षरं तिन्ही नावांची सारखी घाल. आणि कुरियरनं पाठवू नकोस, स्वतः येऊन लाव.

आणखी एक. काल पाडवा होता. सकाळी मिक्सर लावला, तर क्षिप्राबाई धावत खाली आल्या. पायात चप्पल नाही, हातात फोन, एकशे एक्क्याऐंशी आधीच दाबलेला. इतकी वर्षं त्यांना सगळं ऐकू येत होतं. मी दार उघडलं आणि भांडंच पुढे धरलं. खोबऱ्याची चटणी होती. त्यांनी बोट घालून चाखली आणि म्हणाल्या, मीठ कमी आहे. मग दोघी किती तरी वेळ दारातच उभ्या होतो.

वाट बघते.

तुझी,
आई