डब्यातली सीडी

रीडिंग, इंग्लंड, गुरुवार संध्याकाळ

फार दमलेय. आज ऑफिसात लूकाचा शेवटचा दिवस. त्याने माझा चिवड्याचा डबा परत दिला, तर आत एक सीडी. म्हणाला, "डबा रिकामा परत द्यायचा नसतो, तूच सांगितलं होतंस." त्याच्या बँडचा जुना इटालियन अल्बम, कुणी ऐकलाच नाही म्हणे. सीडी लागेल इतकी जुनी गाडी ऑफिसात फक्त माझी.

घरासमोर गाडीतच ऐकत बसले, डबा मांडीवर. ऐंशीच्या दशकातल्या न्यू वेव्ह पॉपसारखे थंड सिंथेसायझर, घाईतले ड्रम्स. मीटिंगमध्ये तोंड न उघडणारा लूका इतका मोकळा गातो? शब्द एकही कळला नाही. आता हा डबा भरून कुणाला देऊ?

नवरा जेवायला बोलवायला आला, तोही शेजारी बसून राहिला. अल्बम संपल्यावर म्हणाला, "परत लाव."