कारल्याच्या मांडवातलं पाणी

अहो,

लूमच्या कारखान्यातून आलात की आधी ओले कपडे बदला. भात आणि जवळ्याची चटणी झाकून ठेवली आहे.

कारली वाचली. सकाळपासून पाऊस थांबलाच नाही. पलीकडच्या गोदामाच्या भरावामुळे सगळं पाणी वळून आपल्या मांडवात तुंबलं. मी एकटीच घमेल्याने उपसत होते, तेवढ्यात दत्तूभावजी फावडं घेऊन आले. जमीन विकायच्या गोष्टीवरून दिवाळीपासून तुम्ही दोघे भाऊ बोलत नाही, म्हणून मी आपली उपसतच राहिले. तेच म्हणाले, "वयनी, मधला बांध फोडतो. पाणी माझ्याकडं उतरंल. माझी भेंडी तशीबी गेलीच हाय."

गेली नव्हती. कालच मी ती फुलावर आलेली पाहिली होती. नको म्हणेपर्यंत त्यांनी बांध फोडला. आता त्यांची भेंडी पाण्यात उभी आहे, आणि त्यांनी तुमच्याविषयी एवढंच विचारलं, "दादा जेवला का न्हाय?"

त्यांच्या वाडीतून खाडीकडे चर खणायला मी गेले आहे. जेवून तुम्हीही या. ते खाली मान घालून खणत असतील. आधी तुम्ही हाक मारा.

कलावती