दोनशे बारा क्रमांकाची कॅसेट

मी, जगदीश सीताराम गमरे, वय ७० वर्षे, धर्म बौद्ध, व्यवसाय निवृत्त उपसंपादक, मूळ राहणार बीडीडी चाळ, वरळी, सध्या पुनर्विकासामुळे भाड्याच्या खोलीत करी रोड येथे राहणार, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यात स्मरणशक्तीचा उल्लेख नाही. तीही शाबूत आहे, आणि हा कागद लिहायला मला दोन वर्षं लागली त्याचं कारण तीच आहे. एरवी एकतीस वर्षांत माझा मजकूर कधी उशिरा गेला नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मी अविवाहित आहे. आईवडील हयात नाहीत.

१. वरळीच्या चाळीतल्या खोलीच्या बदल्यात जी सदनिका मिळेल, तिच्यातला माझा संपूर्ण हक्क माझ्या बहिणीचा मुलगा शिवा याला मिळावा. ती खोली माझ्या वडिलांच्या नावावर होती. वडील गिरणीत रिंग खात्यात होते, म्हणजे सूत कातायच्या खात्यात. ब्याऐंशीच्या संपात बाहेर पडले ते परत आत गेले नाहीत. शिवाने सदनिका विकायची की राहायचं ते त्याचं त्याने ठरवावं. मी अटी घालत नाही. अटी घालण्याचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही असं मला वाटतं, त्याचं कारण पुढे येईल.

२. बँकेतली शिल्लकही शिवाचीच. त्यातून माझ्या पुण्यानुमोदनाचा खर्च करावा. भाषणं नकोत. माझ्याबद्दल कोणी चांगलं बोलू लागलं तर शिवाने चहा मागवावा.

शिवाबद्दल एक गोष्ट नोंदवतो. २००६ साली त्याने मला न विचारता माझ्या चाळीस कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. मी घरी आलो तर म्हणाला, "मामा, झुरळं झाली होती त्या प्लास्टिकच्या डोंगरात. मी दिल्या. शिव्या घाला हवं तर." मी सहा महिने त्याच्याशी बोललो नाही. ते चुकलं. त्याने केलं ते केलं, पण दारातच सांगितलं. मी त्याच्यापेक्षा वाईट केलं होतं आणि तेव्हा अठरा वर्षं गप्प होतो.

३. माझे दोन व्हीसीआर, दूरदर्शन संच, कॅसेटची फीत साफ करायचं यंत्र आणि सर्व कॅसेटी व डिस्क, एकूण सहाशे अडतीस, कु. राधा दत्ताराम मोहिते हिला द्याव्यात. तिचं दादरला घरगुती कॅसेटी संगणकावर उतरवून द्यायचं दुकान आहे. या संग्रहात बंगाली, मल्याळी, जपानी, पोलिश, इराणी चित्रपट आहेत. गिरगावातल्या आमच्या फिल्म सोसायटीत ओळखी काढून, कोणाचे परदेशातले नातेवाईक गाठून मी ते जमवले. प्रत्येक कॅसेटीवर क्रमांक आहे आणि सूची निळ्या वहीत आहे.

पहिला व्हीसीआर मी संप सुरू झाल्यावर लगेच घेतला. चाळीत तेव्हा लोक डबल ड्यूटीचे वॉचमन म्हणून उभे राहत होते, बायका खाणावळी चालवत होत्या. मला लाज वाटली म्हणून मी सांगितलं, मशीन ऑफिसचं आहे, काम म्हणून घरी दिलंय. चाळ शेवटपर्यंत त्याला 'हापिसाची मशीन' म्हणत राहिली. ते माझंच होतं. हे माझं पहिलं खोटं. ते पचलं म्हणून दुसरं सोपं गेलं.

४. सूचीतल्या दोनशे बारा क्रमांकाबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे.

राधाचे वडील दत्ताराम मोहिते आमच्या शेजारच्या खोलीत राहत. माझ्या वडिलांच्याच खात्यात, त्यांच्या हाताखाली शिकलेले. संपाच्या दुसऱ्या वर्षी माझा सोसायटीतला मित्र रघुवीर पाठारे याच्या भावाने कुवेतहून व्हिडिओ कॅमेरा आणला. खांद्यावर कॅमेरा, बगलेत लटकवलेलं वेगळं मशीन, असा तो जामानिमा घेऊन रघुवीर एका रविवारी सकाळी चाळीत आला आणि आमच्या गॅलरीत दत्तारामला बसवून चाळीस मिनिटं बोलतं केलं. आठ महिन्यांची राधा त्याच्या मांडीवर होती.

रघुवीरने त्याची एक प्रत कॅसेटीवर काढून आणली. मूळ टेप पुढच्या महिन्यात कोणाच्या मुंजीसाठी पुन्हा वापरली गेली. टेप महाग होती, सगळेच तसं करत. रघुवीरने ते तेव्हाच सांगितलं आणि म्हणून आमच्यासमोर त्या प्रतीच्या कडेची प्लास्टिकची जीभ तोडली. ती तोडली की मशीन त्या कॅसेटीवर नवीन काही उतरवून घेत नाही. दत्तारामने ते बोट लावून पाहिलं. म्हणाला, "म्हणजे आता ह्यावर कोणी दुसरं सूत चढवायचं नाय. बरोबर ना?" चाळीत मशीन माझ्याकडेच, म्हणून कॅसेट माझ्याकडे राहिली. ती माझ्याकडे ठेवायला दिलेली होती, एवढं इथे स्पष्ट करतो.

चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये दत्ताराम गेला. भिवंडीला यंत्रमागावर लागला होता, काविळीने तीन आठवड्यांत संपला. त्यानंतर तीन वर्षं त्याच्या पुण्यानुमोदनाला वंदना झाली की सगळी गॅलरी माझ्या खोलीत जमत असे आणि मी ती कॅसेट लावत असे. त्याची बायको सुंदराबाई, आमची वहिनी, दाराशी उभी राहून पाहायची. आत ये म्हटलं तर म्हणायची, "हितूनच बरा दिसतो. जवळनं बघितला की उठंल असं वाटतं."

५. १९८८ च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी दीड वाजता दूरदर्शनवर एक मल्याळी चित्रपट होता, नदीवरच्या एका म्हाताऱ्या नावाड्याचा. त्याची आगाऊ बातमी आदल्या दिवशी मीच लिहिली होती. पुन्हा तो कधी दाखवतील याची खात्री नव्हती. बातमी लिहिण्याच्या नादात कोरी कॅसेट आणायची राहिली. रविवारी एक वाजता मी घरी शोधलं, एकही नाही. दुकानं बंद.

तेव्हा मी कपाटासमोर उभा राहिलो आणि कशाची किंमत सर्वांत कमी ते ठरवलं. हेच माझं पोटापाण्याचं काम होतं. जपानी चित्रपट घालवायचा नाही, पोलिश तर नाहीच. मग दत्तारामवर आलो. कॅमेरा हलतो, आवाजाला खरखर आहे, संकलन नाही, मागे कोणाचं तरी धुणं वाळत घातलंय. असं माझ्या मनात आलं. मी समीक्षा केली.

तुटलेल्या जिभेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की मशीन फसतं. ते मला माहीत होतं. मी कात्रीने पट्टी नीट कापली आणि खाचेवर बसवली. हे चुकून झालेलं नाही, असं राधाने समजावं.

कॅसेट योग्य आहे ना हे पाहायला मी आधी ती थोडी चालवली. दत्ताराम दिसला. मग थांबवली आणि रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली.

त्या चित्रपटावर मी सहाशे शब्द लिहिले. सामान्य कष्टकऱ्याचा चेहरा इतक्या मायेने जपणारा चित्रपट विरळा, असं त्यात एक वाक्य आहे. कात्रण फायलीत आहे. शिवाने ते फेकू नये.

६. त्या ऑगस्टमध्ये वहिनी म्हणाली, "भावजी, लावताय ना?" मी म्हणालो, कॅसेटीला बुरशी लागली, चित्र दिसत नाही. मुंबईच्या हवेत ते कोणालाही खरं वाटतं. वहिनीने माझ्या कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "असू द्या. तुमी तरी काय करणार, हवाच तसली." आणि दुसऱ्या दिवशी तिने मला डांबराच्या गोळ्यांची पुडी आणून दिली. "बाकीच्या तरी जपा," म्हणाली. ती २०१६ साली गेली, बुरशीवर विश्वास ठेवून. पुडीचा कागद कपाटाच्या वरच्या खणात आहे. मी तो टाकू शकलो नाही, आणि तिला सांगूही शकलो नाही.

राधा तेव्हा पाच वर्षांची होती. तिला वडिलांची फक्त बोटं आठवतात, तीही त्या कॅसेटीत पाहिलेली. मोठी झाल्यावर तिने बुरशी काढायचं तंत्र शिकून घेतलं. कोणासाठी शिकली ते तिने मला सांगितलं आहे. दुकान उघडलं त्या दिवशी मला म्हणाली, "काका, ती कॅसेट द्या. बुरशी निघते. तुटलेली फीत जोडता येते, पाण्यात पडलेलीसुद्धा वाचवलीय मी. वरून दुसरं चढवलेलं असेल तेवढंच परत येत नाही."

मी म्हणालो, "फेकली गं, केव्हाच."

ती म्हणाली, "काय काका! तुम्ही तर बसचं तिकीटसुद्धा फेकत नाही."

ती हसली. मीही हसलो. तेव्हापासून दर रविवारी ती मला बोंबलाची चटणी घेऊन येते.

७. ती कॅसेट मी फेकलेली नाही. मल्याळी नाव लिहिलेल्या पाठीची, दोनशे बारा क्रमांकाची, ती हीच. आणि ती फेकली नाही याचं कारण हे, की मी जिथे बटणं दाबली त्याच्या आधीची अकरा सेकंदं तिच्यावर शाबूत आहेत. मी ती घड्याळ लावून मोजली आहेत. कॅसेट ओळखायला मी तेवढाच वेळ चालवली होती. मला थांबायला मिळालेली मुदत तेवढी होती.

त्या अकरा सेकंदांत दत्ताराम कॅमेऱ्याच्या बाजूला पाहून विचारतो, "रघू, चालू केलास काय? थांब, हिचं टोपडं सरळ करतो." हात उचलतो. मग नदी येते.

छत्तीस वर्षं मी राधाला तिच्या वडिलांचा आवाज कोणत्याही दिवशी ऐकवू शकलो असतो. नदी दिसली असती म्हणून ऐकवला नाही. कॅसेट घालवली त्यापेक्षा मला याची लाज जास्त आहे.

~~दोनशे बारा क्रमांकाची कॅसेट माझ्या मृत्यूनंतर, पाकिटात बंद करून, राधाला द्यावी.~~

८. उरलेल्या चाळीस मिनिटांतलं मला जे आठवतं ते मी चार पानांत लिहून सोबत जोडलं आहे. रिंगवर तुटलेली तार दोन बोटांनी कशी जोडायची ते त्याने हवेत करून दाखवलं होतं. त्याच्या आज्याला विणाई खात्यात का घेतलं नाही ते सांगितलं होतं, तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आमच्या तोंडचा धागा बाकीच्यांना चालत नसे. पोरीला शाळेत घालणार, गिरणीत नाही, असं म्हणाला होता. जे नक्की आठवत नाही तिथे मी जागा मोकळी सोडली आहे. भर घातलेली नाही.

९. कलम सातमधलं शेवटचं वाक्य खोडलेलं आहे, ते का ते नोंदवतो.

आज सकाळी दोन्ही साक्षीदार माझ्या खोलीवर आले. साक्षीदाराला मजकूर सांगण्याचं कायद्याने बंधन नाही, पण दत्तारामला टिपणारा रघुवीरच, म्हणून मी त्याला सगळं वाचून दाखवलं. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

"जग्या, मी सही करणार नाही," तो म्हणाला.

"मजकूर पटला नाही तरी सही करता येते."

"अक्कल नको शिकवू. मेल्यावर सांगणार तू तिला? म्हणजे ती रडणार आणि तू फोटोत बसून बघणार? हलकट माणसा, दादरला जायला टॅक्सीने पंधरा मिनिटं लागतात. ऊठ."

दुसरा साक्षीदार हरेश्वर तांडेल, आमच्या वर्तमानपत्राचा छायाचित्रकार, कफ परेडच्या मच्छीमार नगरातून यासाठी खास आला होता. तो म्हणाला, "जा रे. मी हाय हितंच. चाय करून पितो."

रघुवीर आणि मी दादरला पोचलो तेव्हा राधा दुकानात एकटीच होती. मी उभ्याउभ्या सांगितलं, कलम चार ते सात, याच क्रमाने. तिने समोरचं काम बाजूला ठेवलं. कॅसेट हातात घेतली, उलटी केली आणि मशीनमध्ये घालण्याआधी खाचेवरची चिकटपट्टी नखाने काढून टाकली. दुकानात आलेल्या प्रत्येक कॅसेटीचं ती तसं करते. पट्टी पिवळी पडली होती, तुकड्यातुकड्यांनी निघाली.

मग अकरा सेकंदं. नदी आल्याबरोबर तिने थांबवलं आणि मागे नेलं. पुन्हा लावलं. चौथ्यांदा मागे नेताना म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर बसा."

आम्ही दोघे बाहेरच्या बाकावर बसलो. आतून तो विचारताना ऐकू येत होता, चालू केलास काय, चालू केलास काय. रघुवीर दर वेळी हळूच "हो" म्हणत होता.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. मी तिला सांगितलं की मृत्युपत्रात ती कॅसेट तिच्या नावे केली आहे.

"माझ्या नावे करणारे तुम्ही कोण?" ती म्हणाली. "ती आमचीच होती."

संग्रह घेणार की नाही ते तिने सांगितलं नाही. कलम तीन मी तसंच ठेवलं आहे. तिला नको असल्यास तिने नाकारावं, कारण देऊ नये. उद्या रविवार आहे. ती येईल असं मी धरून चाललेलो नाही.

म्हणून ते वाक्य खोडलं. जी वस्तू माझ्या मालकीची कधीच नव्हती, ती मला देता येत नाही. खोडल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

हा कागद मी संपूर्ण वाचून, समजून, पुढील दोन इसमांच्या देखत सही करत आहे.

ठिकाण: करी रोड, मुंबई
दिनांक: २ मार्च २०२४, शनिवार, सायंकाळी सव्वासहा

(सही) जगदीश सीताराम गमरे

साक्षीदार, ज्यांनी माझ्या समक्ष व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या:

१. (सही) रघुवीर पाठारे, गिरगाव. दादरहून परत आल्यावर सही केली.

२. (सही) हरेश्वर तांडेल, मच्छीमार नगर, कफ परेड