चौथीचं दुसरं वर्ष

आजी,

मी तुझ्यावर भयंकर वैतागले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर वैतागणं म्हणजे बंद दुकानाच्या शटरवर थापा मारणं, हे मलाही कळतं. पण गेले काही दिवस माझं कशातच लक्ष नाही. जेवणात नाही, कामात नाही, आणि घरात कोणी साधं काही विचारलं तरी मी वसकन अंगावर जाते. त्यांचा काही दोष नाही, तेव्हा ज्याचं त्याला ऐकवलेलं बरं.

आधी तुझ्या गावात तुझं काय चाललंय ते ऐक. चऱ्होली तू आता ओळखणार नाहीस. ज्या माळावर तू पोरांच्या शर्यती लावायचीस तिथे उंचच उंच इमारती झाल्यात आणि रस्त्यावर फ्लॅटच्या जाहिराती धरून मुलं उभी असतात. पण तुझी माणसं आहेत तिथेच आहेत. जमिनी विकल्या, गाड्या आल्या, केस पिकले, तरी 'बाई' म्हटलं की हात जोडतात. मला तिथे धड भाजीसुद्धा घेता येत नाही. 'बाईंची नात ना तू?' म्हणून सुरुवात होते, मग तू कोणाला बांधावरून उचलून शाळेत नेलंस, कोणाच्या उवा काढल्यास, कोणाचं लग्न मोडून तिला पुढे शिकवलंस, सगळं साग्रसंगीत होतं आणि मी मेथीची जुडी धरून ताटकळत उभी. त्यांनी तुझा देव केलाय. आणि देवाशी भांडताना कोणी आपल्या बाजूनं बोलत नाही, हीच माझी अडचण आहे.

खरं म्हणजे मीही त्यांच्यातलीच. तुझ्या एका गोष्टीवर मी आख्खी नोकरी काढली आहे. चाकणच्या आमच्या कंपनीत बाहेरच्या लहान वर्कशॉपमधून जो माल येतो तो तपासून घ्यायचा की परत पाठवायचा, हे मी ठरवते. दरवर्षी नवी पोरं ट्रेनिंगला येतात, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की माझी आजी खेड्यातल्या शाळेत शिक्षिका होती आणि तिनं स्वतःच्या नातीला चौथीत नापास केलं, दोन मार्कांसाठी. मग मी म्हणते, माझ्या टेबलावर दोन मार्क कोणालाही मिळणार नाहीत. माल देणाऱ्यांना ही गोष्ट तोंडपाठ आहे. दिवाळीला बाकीच्यांच्या टेबलांवर सुक्यामेव्याचे डबे येतात, माझ्याकडे वळायची कोणाची छाती होत नाही. भावाच्या मुलाला कंपनीत चिकटवायचं होतं, मी त्याचा अर्ज हातातही घेतला नाही. भाऊ अजून माझ्याशी मोजकंच बोलतो. हे सगळं मी तुझ्या नावावर केलं, आणि मान ताठ ठेवून केलं.

तो एक मे मला अजून दिसतो. झेंडावंदन झालंय, आम्ही पटांगणात उन्हात बसलोय आणि तू व्हरांड्यात उभी राहून निकाल वाचते आहेस. शाळेत बाई म्हणायचं आणि घरी आजी, हा तुझा नियम, आणि मी तो कधी मोडलेला नाही. माझं नाव येतं. तू जराही न थांबता 'गणितात नापास' म्हणतेस आणि पुढच्या नावावर जातेस. माझ्या शेजारी बसून वर्षभर माझ्याच पाटीवरून गणितं उतरवणारा म्हशीवाल्यांचा पोरगा पास. मी तुझ्याकडे बघते, तू माझ्याकडे बघत नाहीस. बाबा मला न्यायला दापोडीहून आलेले असतात. आपली शाळा चौथीपर्यंतच, त्यामुळे पाचवीला मी आईबाबांकडे जायचं हे ठरलेलंच होतं. तोवर त्यांच्या एका खोलीत दोन पोरांची अडचण म्हणून मी तुझ्याकडे आणि धाकटा त्यांच्याकडे. तू बाबांना म्हणतेस, 'नापास पोर घेऊन कुठे जातोस? राहू दे इथंच वर्षभर.' बाबा कंपनीत साहेबांशी हमरीतुमरीवर यायचे, पण तुझ्यासमोर आले की त्यांचीही चौथीच व्हायची. ते एकटेच परत गेले. संध्याकाळी तू गव्हल्यांची खीर केलीस. मी तोंड लावलं नाही. तू म्हणालीस, 'नात आहेस म्हणून मार्क वाढवू? गाव काय म्हणेल?' गाव म्हणालं, बाईंनी सख्ख्या नातीलासुद्धा सोडलं नाही. पुढे ते ऐकून ऐकून मला नापास झाल्याचाच अभिमान वाटायला लागला.

आता परवाचं सांगते. तो म्हशीवाल्यांचा पोरगा आता पन्नाशीचा आहे, चाकणजवळ त्याची पत्र्याची शेड आहे आणि तो आम्हाला लोखंडी ब्रॅकेट करून देतो. या वेळच्या मालात काही ब्रॅकेटची भोकं लांबट निघाली, बोल्ट नीट बसेना. कंपनीचा नियम असा की ज्याचा माल त्यानं स्वतःच्या माणसांकडून निवडून चांगला तेवढा परत आणावा. माझा नियम असा की एक वाईट निघाला तर सगळा लॉट परत. याआधी त्याचा माल परत गेलेला होता, त्यामुळे आता गेला असता तर त्याचं कामच बंद झालं असतं. तो माझ्या टेबलाशी येऊन बसला.

'मॅडम, निवडून देतो की. आजच माणसं बसवतो.'

'लॉट परत जाईल.'

'या खेपंला परत गेला तर संपलंच माझं. माझ्याकडं माणसं हायेत कामाला, त्यांची घरं हायेत.'

मी नेहमीचं सुरू केलं. म्हटलं, 'तू तर त्याच वर्गात होतास. बाईंनी मला दोन मार्कांसाठी...'

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. 'कितींदा सांगशील गं ते?' मॅडमवरून एकदम गं. 'कुठलं दोन मार्क घेऊन बसलीस? बाईंनी तुला ठेवून घेतली.'

मग त्यानं सांगितलं. निकालाच्या त्या संध्याकाळी तो आपल्याकडे रतीब घालायला आला होता. 'मला ऱ्हावलं न्हाई. म्हटलं, बाई, माझी समदी गणितं हिचीच बघून केलेली. मी पास आन् ही नापास कशी? बाई पातेलं धरून उभ्या होत्या. म्हणल्या, ती गेली की मला घर खायला उठेल रे. एक वर्ष राहू दे. आणि कुठे बोललास तर तुझा निकाल बदलेन.'

'आणि तू इतकी वर्षं गप्प बसलास?'

'भ्या वाटायचं. आजबी वाटतंय.' आणि आजी, त्यानं खरंच एकदा दाराकडे बघितलं. मग म्हणाला, 'मी तर बाकीच्या इषयांत नापासच होतो. पण नापास झालो असतो तर बापानं म्हशींमागं लावला असता, हे बाईंना ठावं होतं. मला वर ढकललं आन् तुला खाली वढलं. दोघांचं बी निकाल खोटं.'

त्याला माल निवडून आणायची परवानगी दिली. दयामाया म्हणून नाही. कंपनीच्या नियमात ती पहिल्यापासून होती, नव्हती ती माझ्या हट्टात. त्यानं दोन दिवसांत निवडून आणला, चांगला माल लाइनवर गेला, त्याचं काम टिकलं. जाताना म्हणायला लागला, 'बाई आज असत्या तर...' मी त्याला गप बस म्हटलं.

तिथून तडक संत तुकाराम नगरला आईकडे गेले. आई आता फारशी बाहेर पडत नाही, गॅलरीत बसून असते. सगळं सांगितलं, तर तिनं शेंगा सोलायचं काम थांबवलंसुद्धा नाही.

'हे मला सांगतेस होय? नापास झालेल्या पोरीसाठी खीर कोण करतं?'

'मग कधी बोलली का नाहीस?'

'बोलले की. तू कॉलेजात होतीस तेव्हा तुझ्या तोंडावर बोलले. तू म्हणालीस, आई, तुला तत्त्व कळत नाही.' मग म्हणाली, 'सासूबाईंवरचा माझा राग केव्हाच गेला. एकटी बाई, घरात माणूस नाही, त्यांनी तरी काय करावं. तुझं तत्त्व मात्र फार जड गेलं बाई आम्हाला.'

बघ काय करून ठेवलंस. शिक्षा समजून काढलेलं ते वर्ष आता मी नव्यानं आठवते आहे आणि प्रत्येक आठवणीला अजून चिडते आहे. दर रविवारी तू माझ्या केसांना तेल लावायचीस तेव्हा मला वाटायचं, दया करते आहे. आळंदीला नेऊन काचेच्या बांगड्या भरल्यास तेव्हा वाटलं, लाच देते आहे. डोळे दुखतात सांगून रोज दिवेलागणीला माझ्याकडून पेपर वाचून घ्यायचीस आणि मी एखादी ओळ गाळली तर लगेच सांगायचीस की गाळलीस, म्हणजे तुझा आधीच वाचून झालेला असायचा. आणि मी काय केलं? त्या वर्षभरात मी घरीसुद्धा तुला बाईच म्हणाले. जेवताना बाई, झोपताना बाई. तू एकदाही अडवलं नाहीस. पोरीला सोबतीला ठेवून घेतलंस आणि वर्षभर घरात बाई म्हणून राहिलीस. असला कसला गं व्यवहार?

गावातल्या निम्म्या लोकांना तू बोलायला शिकवलंस. सरपंचापुढे कसं बोलायचं, साहेबापुढे कसं बोलायचं, सासरी अन्याय झाला तर काय बोलायचं. मग तुला स्वतःला दोन शब्द बोलता येऊ नयेत? 'राहतेस का' एवढंच विचारायचं होतं. त्यासाठी निकालपत्रक खोटं करायचं, पोराला धमकी द्यायची, सुनेचा रोष घ्यायचा, आणि वर मला एक तत्त्व देऊन ठेवायचं, की मी ते जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यात घालत बसावं. मला तू कडक हवी होतीस असं नाही. पण कडक नव्हतीस तर तसं कळू द्यायचंस.

हे कुठे पाठवायचं नाहीच. चऱ्होलीच्या पोस्टात टाकलं तर पोस्टमन ते घेऊन माझ्याच दारात येईल आणि वर तुझी एक आठवण सांगून जाईल. नव्या पोरांना पुढच्या वेळी काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. तुला मात्र एक सांगायला हवं. लिहायला बसले तेव्हा शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं: तू नुसतं विचारलं असतंस, तर मी राहिले असते. पण ते मला लिहवत नाही. परीक्षेच्या आधीच मी माझे कपडे पिशवीत भरून दाराशी ठेवले होते, तुझ्या डोळ्यांदेखत, आणि रोज संध्याकाळी तुला विचारत होते की बाबा कधी येणार. तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं.