तू न घेतलेलं पंचगव्य

प्रिय गोदाआत्या,

उद्या तुझा दहावा. सासूबाई जरा आडव्या झाल्या आहेत, मामंजी प्रवचनाला गेलेत, म्हणून दुपारीच हे लिहायला बसले. तू असतीस तर पदर खोचून चार गल्ल्या ओलांडून आले असते आणि कडाकडा भांडले असते. आता कुणाशी भांडू? काल जे कळलं ते पोटात ठेवून उद्या घाटावर उभं राहणं मला जमायचं नाही.

काल संध्याकाळी मनोरमा आली होती. तुझ्या वर्गातली, दुर्गाघाटाच्या शास्त्रीबुवांची सून. सत्याग्रहाच्या जलुसात तुझ्या शेजारी चालत होती, तुझ्याबरोबरच पकडली गेली. तू तुरुंगातून ताप घेऊन आलीस आणि गेलीस. ती परवा सुटली. आत यायलाही तयार नव्हती. दारातच विचारलं, "यमू, खरं सांग. पहिल्या खेपेला सुटून आल्यावर गोदाताईंनी पंचगव्य घेतलं होतं का गं?"

मी हसलेच! म्हटलं, "अगं, सगळ्या वर्गाला तोंडपाठ आहे की ती हकीकत."

"तुझे मामंजी म्हणतात, घेतलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाले, 'गोदूनं घेतलं, मग तू कोण मोठी लागून गेलीस?' उद्या दहाव्याचं आटोपलं की तिथंच घाटावर मला घ्यायला लावणार आहेत. नाही म्हटलं तर सासरे घरात ठेवायचे नाहीत. दोन लेकरं आहेत मला, यमू!"

काय सांगणार होते मी तिला? तू सांगितलेलंच सांगितलं, की नाही घेतलं. पण मामंजी उगाच काही बोलणाऱ्यातले नाहीत. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

ती पहिली खेप मला अजून दिसते. चौकात परदेशी कापडाच्या दुकानापुढे तू आडवी बसलीस म्हणून पोलिसांनी उचललं. सुटून आलीस तर आपला ब्रह्मवृंद दारात हजर. तुरुंगात कोणाच्याही हातचं खाल्लंस, विणकरांच्या आणि मल्लाह नावाड्यांच्या बायकांबरोबर एका पंगतीला बसलीस, तेव्हा प्रायश्चित्त हवं! पंचगव्याची वाटीसुद्धा घेऊन आले होते. तू ओसरीवर उभी राहून म्हणालीस, "भुकेल्या बायकांबरोबर भाकरी खाल्ली हे पाप असेल, तर उद्या पुन्हा करीन. ती वाटी न्या परत."

किती भ्यायले होते मी त्या दिवशी! आणि किती मिरवलंही होतं मनातल्या मनात.

मग वाळीत पडलो. अण्णांना श्राद्धपक्षाचं बोलावणं येईना, माझ्यासारख्या कुमारिकेलाही कुणी हळदीकुंकवाला बोलावीना. अण्णांना, आपल्या भावाला, त्रास नको म्हणून तू मंगळागौरीच्या देवळामागची ती ओलसर खोली घेतलीस. तिथं वर्ग काढलास, टकळ्या आणल्यास. काशीत मरायला म्हणून येऊन राहिलेल्या आपल्या म्हाताऱ्या विधवांना महामारीत उकळलेलं पाणी तूच पाजलंस. मल्लाहांच्या वस्तीतही गेलीस. तुला तिरडीवरून नेलं तेव्हा त्यांच्या बायका पायरीवर बसून रडत होत्या, "ऊ त हमार माई रहलीं," आमची आईच होती ती, म्हणून. मामंजींनी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. एकीही हलली नाही, आत्या!

काही महिन्यांनी वाळीत टाकणं एकाएकी थांबलं. अण्णांना बोलावणी येऊ लागली. तू मला जवळ ओढून म्हणालीस, "बघ यमू, आपण वाकलो नाही की समोरचे कंटाळतात." काय खुश होतीस तू! त्यानंतर प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी तू ही हकीकत सांगायचीस. मनोरमा तीच ऐकून घराबाहेर पडली होती ना?

आज सकाळी अण्णांना गाठलं. उद्याचे दर्भ निवडत बसले होते. मी सरळ विचारलं. त्यांचे हात थांबले.

"मीच सांगितलं त्यांना," म्हणाले. "ताईचं प्रायश्चित्त माझ्यादेखत घरात झालं, म्हणून."

"अण्णा!"

"तुझं स्थळ आलं होतं, पोरी. आईविना वाढलेली तू. तुझ्या सासऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, आधी घर शुद्ध व्हायला हवं. ताई तर ऐकायची नाही. धडधडीत खोटं तरी कसं बोलू? म्हणून मीच तिच्या नावानं संकल्प सोडला आणि मीच ते प्यायलो." एवढं बोलून ते लहान मुलासारखे रडायला लागले.

मला इतका राग आला होता, आणि तेवढ्यातच त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. चूल पेटवली, त्यांना पेजही करून घातली. काय करणार? बाप आहे माझा.

पण तुलाही एक विचारायचं आहे. तू एवढी हुशार, भाजीवाल्याच्या तोंडाकडे बघून लौकी शिळी आहे की ताजी ते सांगायचीस. मग आपला ब्रह्मवृंद असा आपणहून निवळतो, हे तुला खरंच वाटलं? एकदाही अण्णांना विचारावंसं वाटलं नाही? की विचारायची तुलाही भीती वाटत होती? नाही, हे मी उगाच लिहिलं. तू कशालाच भ्यायली नाहीस. तुला आपल्या भावावर विश्वास होता, इतकंच.

आता माझी पंचाईत बघ. गप्प राहिले तर उद्या मनोरमा तुझं नाव ऐकून मान खाली घालेल आणि ती वाटी तोंडाला लावेल. तिच्यानंतर ज्या बायका तुरुंगातून येतील त्या सगळ्यांना ब्रह्मवृंद हेच ऐकवेल, गोदूनं घेतलं होतं. तुझी उभ्या जन्माची ताठ मान त्या बायकांनाच वाकवायच्या कामाला येईल. आणि बोलले तर अण्णा म्हातारपणी साऱ्या गावासमोर खोटे ठरतील. मी ज्या घरात हे लिहिते आहे, ते घर माझं राहणार नाही.

दुपारी जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी भात कालवून घेतला. मग म्हणाले, "बाबांसमोर तोंड उघडायची माझी छाती नाही. पण तू बोललीस तर तुला खोटं पाडणार नाही." एवढंच. मला बरंही वाटलं आणि ताट उचलून आपटावंसंही वाटलं.

अण्णांना मी निघतानाच सांगून आले होते, की मी बोलणार. त्यांनी अडवलं नाही. फक्त म्हणाले, "माझ्या हातून पिंड देऊन होऊ दे. मध्येच सगळे उठून गेले तर ताईचं अर्धवट राहील. बहिणीचं एवढं तरी करू दे मला. मग बोल." ते मी कबूल केलं आहे. तू रागावणार नाहीस ना? तुला पिंडाचं काही नव्हतं, ठाऊक आहे मला. पण त्यांना आहे.

सासूबाई उठल्या वाटतं, कळशीचा आवाज येतोय. चहाचं आधण ठेवायला हवं. उद्या या वेळी या घरात चहा ठेवणारी मी असेन की नाही, देव जाणे.

आत्या, तुला वचन देते. उद्या अण्णांनी शेवटचा पिंड दिला की मी पायऱ्या उतरून खाली येईन. मनोरमाच्या हातात ती वाटी जायच्या आत बोलेन, मामंजींसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: गोदावरीबाईंनी पंचगव्य घेतलं नव्हतं. कुणी विचारलं, तू कोण सांगणारी, तर तेही सांगेन. ज्या लग्नासाठी हे खोटं बोललं गेलं, ते माझं लग्न आहे.

तुझीच,
यमू