खडक, २.१ मीटरवर

३ फेब्रुवारी, कंधार
आमचे घर काळ्या मातीवर आहे. दर उन्हाळ्यात माती आकसते, भिंती तडकतात, आई भेगांत सिमेंट भरते. नवे घर खडकावर उभे राहील, असा आज बाबांना शब्द दिला. मी एम.एस्सी. जिऑलॉजी. चर्चा संपली.

४ फेब्रुवारी
कॉलेजचा रेझिस्टिव्हिटी मीटर आणला. जमिनीत करंट सोडला, तो किती अडतो ते मोजले. निष्कर्ष: कठीण खडक २.१ मीटरवर. नव्या घराचे कॉलम सहा आहेत, म्हणजे खड्डे सहा. मोजणी एकाच जागी केली. खडक सलग असतो.

७ फेब्रुवारी, सकाळी १०.४०
पहिल्या, देवघराच्या कॉलमच्या खड्ड्यात बरोबर २.१ मीटरवर खडक. रिपोर्टखाली सही केली.
खड्डे खणणारे माणिकप्पा देगलूरकडचे, साठीचे. त्यांनी पहार आपटली, कान दिला. म्हणाले, ताई, हा गोटा हाय, खडक न्हाई. आवाज बद्द येऊन राहिला. खडक पंधरा फुटावर. शेजारची हीर मीच खणली.
विहीर शेजारच्या प्लॉटमध्ये आहे, आणि आवाज हा डेटा नसतो, असे शांतपणे सांगितले. ते म्हणाले, हाव.

८ फेब्रुवारी
दुसरा खड्डा. ३ मीटर. माती. स्थानिक अपवाद.

९ फेब्रुवारी
तिसरा, चौथा. माती. अपवाद तीन. आईने विचारले, तुझा खडक नुसता देवघराखालीच हाय का गं?

१० फेब्रुवारी, दुपारी १२.१५
माणिकप्पांनी मला पहिल्या खड्ड्यात खडकावर उभे केले आणि कडेला पहार घालून दाबली. खडक हलला. शक्यता: भूकंप. नांदेड-लातूरकडे धक्के नवे नाहीत. फोनवर तपासले. नोंद नाही.
वरून बाबांनी विचारले, हललं का?
किंचित, मी म्हणाले.

११ फेब्रुवारी
जेसीबीने तो उचलला. गोल, सव्वा मीटर रुंद. खाली माती. बेसाल्ट झिजताना असे गोटे मातीत शिल्लक राहतात. परीक्षेत यावर मला दहापैकी नऊ होते.
रिपोर्टात दुरुस्ती: 'खडक २.१ मीटरवर (तात्पुरता)'.

१४ फेब्रुवारी
सहाही खड्ड्यांत खडक लागला. ४.६० मीटर. पंधरा फूट म्हणजे ४.५७. माणिकप्पांचे तीन सेंटिमीटर चुकले. त्यांना सांगितले. ते म्हणाले, हाव.
सोमवारी बाबांचे मित्र उमाशंकरकाका यांच्या प्लॉटवर खडक किती खोल ते बघायचे आहे. बाबांनी माणिकप्पांना बोलावले. मला टेप धरायला.
जाणार आहे. टेप सरळ धरणे सगळ्यांना जमत नाही.